उत्तर बरोबर, गणित चूक

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि "तू नक्की काय करतेस ते एकदाचं सांगून टाक" असं बजावलं आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकदा 'लेझरचं काम करते' असं लिहिलं होतं. त्यावर आलेलं पहिलं उत्तर होतं, "मग गणपतीच्या मिरवणुकीतले ते दिवे बंद कर की बाई!" ते माझ्या हातात नाही. त्यांच्यावरच्या बंदीचा हुकूम २०२४ साली पुणे पोलिसांनी काढला. मी लेझर बनवतही नाही. मी सॉफ्टवेअरवाली आहे. लेझर बनण्याआधी तो कसा वागेल, याचं गणित कॉम्प्युटरवर करणं हे माझं काम.

लेझर समजायला आपलं लेझीम पथक पुरेसं आहे. पुढची ओळ वाकली की मागची त्याच ठेक्यात वाकायची. सेमीकंडक्टरच्या चिपमध्ये वीज सोडली की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाऊन थांबतात. शेजारून प्रकाशाचा एक कण गेला की असा इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि उतरताना अगदी तसाच, त्याच तालातला, त्याच दिशेचा दुसरा कण देतो. एकाचे दोन, दोनाचे चार. चिपची दोन टोकं आरशासारखी असतात, त्यामुळे प्रकाश आत येरझाऱ्या घालतो, वाढतो आणि थोडा थोडा बाहेर पडतो.

या गोष्टीत पुणं कुठे, असं कुणीतरी विचारणारच. तर पत्रा कापू शकणारा पहिला जबरदस्त लेझर, कार्बन डायऑक्साइडचा, ज्यांनी शोधला ते डॉ. कुमार पटेल बारामतीत जन्मलेले (१९३८) आणि आपल्या सीओईपीचे इंजिनिअर (१९५८). पुढे ते अमेरिकेत बेल लॅबमध्ये गेले आणि तिथे हा शोध लागला. आज भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पत्रा कापणारी बरीच मशिनं फायबर लेझरची असतात, आणि त्या फायबरला प्रकाश पुरवतात सेमीकंडक्टरचे लेझर. म्हणजे माझी मंडळी पडद्यामागे असतात. गंमत म्हणजे खुद्द पटेलसाहेबही पुढे सेमीकंडक्टर लेझरकडेच वळले.

आकार ऐका. ज्या थरात प्रकाश तयार होतो तो सुमारे दहा नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीचा साधारण दहा हजारावा भाग. ज्या खिडकीतून प्रकाश बाहेर पडतो ती शंभर मायक्रॉन रुंद आणि जेमतेम एक मायक्रॉन उंच. त्यातून पाच वॅट बाहेर काढायचे. भागाकार केलात तर त्या खिडकीवरचा प्रकाश वैशाखातल्या दुपारच्या उन्हाच्या पाच कोटी पट भरतो. खिडकी जरा जास्त तापली की तिथला पदार्थ अधिक प्रकाश गिळू लागतो, म्हणून आणखी तापतो, म्हणून आणखी गिळतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती वितळते. काळा ठिपका उरतो आणि लेझर संपतो.

म्हणून आधी गणित. प्रश्न चार. विजेचा दाब कुठे किती, इलेक्ट्रॉन कुठे किती, प्रकाश कुठे किती आणि तापमान कुठे किती. प्रत्येकाचं समीकरण आहे, पण चारही एकमेकांत अडकलेली. तापमान बदललं की प्रकाश बदलतो, प्रकाश बदलला की इलेक्ट्रॉन बदलतात. मग एकाचा अंदाज धरायचा, दुसरं सोडवायचं, त्यावरून तिसरं, चौथं, परत पहिल्याकडे यायचं. आकडे हलायचे थांबले की उत्तर. ही फेऱ्या मारण्याची रीत सेमीकंडक्टरसाठी १९६४ साली गुमेल नावाच्या शास्त्रज्ञाने मांडली, तीही बेल लॅबमध्येच. आजच्या मेळाव्याची तारीख ठरवतानाही आपण हेच करत होतो, फक्त आपले आकडे हलायचे थांबत नव्हते.

आता जे सांगण्यासाठी उभी आहे ते सांगते.

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. परदेशातल्या एका कंपनीच्या लेझरचं मॉडेल माझ्याकडे होतं. एक सेंटिमीटर रुंद चिप, तिच्यावर शेजारी शेजारी एकोणीस लेझर. त्यांनी प्रत्यक्ष मोजलेला आलेख पाठवला होता: वीज वाढवत नेली तर प्रकाश किती वाढतो. त्यांची रेघ वरच्या टोकाला वाकत होती. माझी सरळ वर जात होती. तीन आठवडे मी त्या वाकण्यामागे होते.

मॉडेलमध्ये काही आकडे असे असतात की ते कुणालाच अगदी नेमके ठाऊक नसतात. त्यातला एक 'ओजे'चा. इलेक्ट्रॉन खाली उतरतो, पण प्रकाश देण्याऐवजी ती ऊर्जा दुसऱ्या इलेक्ट्रॉनला देऊन टाकतो. निव्वळ तोटा, आणि इलेक्ट्रॉनची गर्दी वाढली की तिच्या घनाच्या प्रमाणात वाढणारा. मी तो आकडा थोडा वाढवला. रेघ वाकली. आणखी थोडा वाढवला. रेघ त्यांच्या रेघेवर जाऊन अशी बसली की दोन रंग वेगळे दिसेनात. सगळे खूश. तो आलेख प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर गेला.

त्या मॉडेलच्या भरवशावर त्यांनी नवी चिप काढली. रुंदी तीच, पण एकोणीसच्या जागी सदतीस लेझर. माझं मॉडेल म्हणत होतं, शेजारी वाढले तरी कुणालाच फरक पडणार नाही.

चिप बनली, टेबलावर लागली आणि ठरलेल्या विजेच्या बऱ्याच आधी मेली. मेलमध्ये फोटो आला. काळे ठिपके, आणि तेही सगळे मधल्या लेझरांवर. कडेचे शाबूत. सोबतचं पत्र अतिशय सभ्य होतं: बहुधा आमचंच सोल्डर नीट बसलं नसावं, तुमच्या मॉडेलचा दोष नाही.

फोटो बघताच मला मे महिन्यातला आपला वर्ग आठवला. कडेच्या बाकांना खिडकी आणि मधल्या बाकावर चौघी कोंबलेल्या. मधले जळले याचा अर्थ शेजारी शेजाऱ्याला तापवत होते. आणि माझ्या मॉडेलमध्ये ते शक्यच नव्हतं. कारण चिपचा तळ मी कायम पंचवीस अंशांवर धरला होता, जणू खाली वाहतं गार पाणी आहे. खाली प्रत्यक्षात होतं सोल्डर, त्याखाली तांब्याचा ठोकळा, आणि तेही तापतात. रेघ वाकत होती ती उष्णतेने. मी तिचा दोष ओजेवर ढकलला होता.

त्या रात्री मी त्यांची जुनी फाइल उघडली. तिच्यात आणखी एक पान होतं, लेझरच्या रंगाचं. या जातीचा लेझर एक अंश तापला की त्याची तरंगलांबी सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते. म्हणजे लेझर स्वतःच स्वतःचा थर्मामीटर असतो. त्या पानावर तरंगलांबी नऊ नॅनोमीटर सरकलेली होती. नऊ भागिले ०.३, तीस अंश. माझं मॉडेल म्हणत होतं बारा. हा भागाकार सातवीतलं मूल करेल. ते पान माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. आलेख जुळल्यावर मी ते उघडलंच नव्हतं.

आता बाई, तुम्ही समोर बसल्या आहात म्हणून सांगते. नववीच्या सहामाहीआधी तुम्ही वह्या तपासायला घेतल्या होत्या. समीकरणाचं एक गणित मला सुटत नव्हतं. मी पुस्तकाच्या मागे उत्तर बघितलं, मधल्या पायऱ्यांत एक चिन्ह गुपचूप बदललं आणि बरोबर त्या उत्तरावर येऊन पोचले. तुम्ही त्याला भोपळा दिलात. मी भांडायला आले, उत्तर तर बरोबर आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, "उत्तर बरोबर आहे, गणित चूक आहे. ताळा कुठे आहे?" मी तेच गणित पुन्हा एकदा लिहून आणलं. तुम्ही म्हणालात, "हा ताळा नव्हे. गुणाकाराचा ताळा भागाकाराने करतात. दुसऱ्या वाटेने ये."

रात्री दोन वाजता त्या फाइलसमोर बसून मला हे शब्दशः आठवलं. मी पुन्हा मागचं उत्तर बघून मधलं चिन्ह बदललं होतं. या वेळी भोपळा द्यायला मात्र कुणी नव्हतं. उलट समोरचा माणूस दोष स्वतःवर घेऊन मोकळा झाला होता. गप्प बसले असते तर आजवर कुणाला कळलं नसतं, आणि खोटं सांगत नाही, दोन दिवस मी गप्प बसलेही. साहेबांशी दुसऱ्याच विषयावर बोलले, मुलीच्या शाळेचा प्रकल्प केला, घरातली कपाटं आवरली. तिकडे ते लोक सोल्डरची भट्टी बदलायच्या तयारीला लागले होते.

तिसऱ्या दिवशी पत्र लिहिलं. सहा ओळींचं. तळाचं तापमान मी चुकीचं धरलं, ओजेचा आकडा मी वाढवला, तुमच्या सोल्डरमध्ये दोष असल्याचा काहीही पुरावा नाही, सोबत तरंगलांबीचा हिशेब. आधी साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि "पाठव" एवढंच म्हणाले. आठवडाभर आमच्यात कामापलीकडे बोलणं झालं नाही.

उत्तर चार दिवसांनी आलं. त्यात राग नव्हता, आभारही नव्हते. ठोकळ्याच्या तापमानाची नवी फाइल जोडली आहे, पुन्हा करा, एवढंच. मग आम्ही मॉडेलमध्ये सोल्डर घातलं, तांबं घातलं, ओजेचा आकडा मुकाट्याने जुन्या जागी नेऊन ठेवला. रेघ वाकली, आपली आपण. पण पहिल्यासारखी नेमकी बसली नाही, थोडी बाजूने गेली. ती तशीच पाठवली. तरंगलांबीवरून आलेलं तापमान आणि मॉडेलचं तापमान यांत या वेळी दोन अंशांचा फरक होता. सदतीसवाली चिप मात्र रद्दच झाली.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या मुलामुलींना माझा एक जाच आहे. आलेख जुळला म्हणून धावत आले की मी विचारते, ताळा कुठे आहे? त्यांतले निम्मे इंग्रजी माध्यमातले. ताळा म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागतं.

बाई, ती नववीची वही आईने माळ्यावर जपून ठेवली होती. येताना घेऊन आले आहे. चहाच्या वेळी दाखवते. भोपळा अजून लालच आहे.