लेकीचाही एक गट असू द्या

बारावी झाली की आपली लेक अर्जुनीहून गोंदियाला, नागपूरला शिकायला जाते. फी, खोली, डबा सगळं आपण बघतो. पण तिथे तिच्या हाकेला धावणारं कोण, हे विचारतो का?

अमेरिकेत कॉलेजच्या मुलींची भगिनीमंडळं असतात. त्यांना सोरॉरिटी म्हणतात. आपल्याकडे तशी सोबत राष्ट्रीय सेवा योजनेत मिळते. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एखाद्या गावात सात दिवसांचं शिबिर.

माझ्या लेकीने शिबिराचं नाव काढलं तेव्हा मी म्हटलं, "सात दिवस बाहेर? नको."

ती म्हणाली, "आई, तू बचत गटाच्या पहिल्या सभेला निघालीस, तेव्हा घरचे हेच म्हणाले होते ना?"

मी गप्प झाले. ती गेली. पुढे वसतिगृहात ती तापाने फणफणली. मला कळायच्या आधीच शिबिरातल्या दोघी मैत्रिणींनी तिला दवाखान्यात नेलं होतं.

पाठवण्याआधी सोबत मॅडम कोण, मुक्काम कुठे, हे जरूर विचारा. आणि मैत्रीच्या नावाखाली कोणी छळलं, तर ते रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. १८००-१८०-५५२२ हा मदतीचा नंबर लेकीच्या वहीत लिहून द्या.

बायांनो, धानाची रोवणी एकटीने होत नाही. परगावचं शिक्षणही तसंच आहे.