जिला ‘सरस्वती’ ही पदवी मिळाली

स्नातक मित्रमैत्रिणींनो,

थोड्या वेळापूर्वी आपण सरस्वतीच्या तसबिरीला हार घातला, समई लावली. तुमच्यापैकी पुष्कळांची तिच्याशी पहिली ओळख दसऱ्याच्या पाटीवर झाली असेल. एकाच्या आकड्यांनी रेखाटलेली ती आकृती, तिच्यावर हळदकुंकू, शेजारी पूजेला मांडलेली वह्यापुस्तकं, आणि पूजेला ठेवलेलं पुस्तक त्या दिवशी उघडायचं नाही ही आपली सर्वांत लाडकी प्रथा. पुढे तिची आठवण परीक्षेच्या सकाळी व्हायची आणि निकालापर्यंत टिकायची. देवीने ते मनावर घेतलेलं दिसत नाही, नाहीतर आज हे सभागृह एवढं भरलं नसतं.

देवीचं स्तवन करणारे माझ्यापेक्षा फार मोठे लोक होऊन गेले. ज्ञानेश्वरांनी गणेशानंतर शारदेला वंदन केलं, रामदासांनी दासबोधात तिच्यासाठी एक आख्खा समास दिला. त्यात भर घालायची माझी पात्रता नाही. मी तुम्हाला एका बाईची हकिगत सांगणार आहे. ‘सरस्वती’ ही पदवी तिला विद्वानांच्या सभेत रीतसर मिळाली होती. पदवी मिळाल्यावर तिने काय केलं, ते आजच्या दिवशी ऐकण्यासारखं आहे.

साल 1878, गाव कलकत्ता. वीस वर्षांची एक मराठी मुलगी भावाबरोबर त्या शहरात येऊन पोचली. रमा डोंगरे तिचं नाव. भागवताचे 18,000 श्लोक तिला पाठ होते आणि संस्कृतात ती अस्खलित बोलत असे. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा दोन पदव्या दिल्या. तेव्हा कलकत्ता विद्यापीठाची एकही स्त्री पदवीधर झालेली नव्हती. पहिल्या दोघी पदवीधर व्हायला 1883 साल उजाडावं लागलं.

हे ज्ञान आलं कुठून? वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला देववाणी शिकवतो म्हणून त्यांना उडुपीला धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी शास्त्रातलेच आधार काढून दिले आणि घरातला पाठ चालू ठेवला. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं, तेही घरकामाला लागण्यापूर्वी, भल्या पहाटे झोपेतून उठवून. पुराणं सांगत सगळं कुटुंब देशभर पायी हिंडलं. त्या वणवणीत उपासमारीने आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं चालत राहिली. ज्यांना ‘कठीण परिस्थितीवर मात’ हे शब्द बायोडेटात लिहायची सवय आहे, त्यांनी ही वाटचाल एकदा नीट वाचावी.

आता खरी गंमत पुढे आहे. त्याच कलकत्त्यात ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंना विचारलं, तुम्ही वेद वाचले आहेत का? त्या म्हणाल्या, नाही, स्त्रियांना तो अधिकार नाही. अनंतशास्त्रींचं धाडससुद्धा वेदांच्या उंबऱ्याशी थांबलं होतं. सेन यांनी त्यांच्या हातात एका वेदाची प्रत ठेवली आणि वाचा म्हणून सांगितलं. म्हणजे बघा, जिला सरस्वती म्हणून गौरवलं, तिलाच सरस्वतीचं नाव जिथे पहिल्यांदा येतं तो ग्रंथ उघडायची मुभा नव्हती. ऋग्वेदात सरस्वती आधी नदी आहे, वाणीशी तिचं नातं नंतर घट्ट होत गेलं. त्याच ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 125 वं सूक्त आहे. त्यात वाणी स्वतःच, ‘मी’ म्हणून बोलते, आणि परंपरेने त्या सूक्ताची ऋषी म्हणून एका स्त्रीचंच नाव दिलं आहे, वागाम्भृणी. बाईने रचलेलं वाचायला बाईला बंदी! आपल्या समाजाने हे शतकानुशतकं न अडखळता चालवलं.

रमाबाईंनी थोडं बिचकत का होईना, पण ती प्रत उघडली. माझ्या मते त्यांचा दीक्षान्त त्या दिवशी झाला.

पुढचं आयुष्य धावतंच सांगतो. भाऊ गेला, लग्न झालं, दीड-दोन वर्षांत नवराही गेला. तान्ही मुलगी घेऊन 1882 मध्ये त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हवेत असं ठणकावून सांगितलं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुणं खवळलं. कालपर्यंत जिचं कौतुक संपत नव्हतं, तिच्यावर चहूकडून टीका सुरू झाली. त्या गदारोळात त्यांच्या बाजूने लेखणी उचलली ती जोतीराव फुल्यांनी, 1885 च्या ‘सत्सार’मध्ये. याच पुण्यात 1848 पासून जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींना शिकवत होते. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने 1855 मध्ये लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. धर्मग्रंथ वाचायची ज्यांना बंदी, त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या वयात तिने विचारला होता. रमाबाईंना जो प्रश्न कलकत्त्यात भेटला, तो मुक्ताने त्यांच्या जन्माआधीच मांडून ठेवला होता.

आणि आता एक पदवीदान समारंभ. 11 मार्च 1886, फिलाडेल्फिया. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, आणि त्या सोहळ्याला हजर राहण्यासाठी रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या. व्यासपीठावर वैद्यकीची पदवी घेणारी एक मराठी बाई, आणि समोर टाळ्या वाजवायला ‘सरस्वती’. आनंदीबाईंना त्या पदवीचा उपयोग करायला वर्षभरही मिळालं नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या. रमाबाई अमेरिकेत राहिल्या, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं देऊन पैसा उभा केला आणि मुंबईत विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह सुरू केलं. तारीख होती 11 मार्च 1889. धर्म बदललेल्या या बाईने त्या घराला नाव दिलं ‘शारदा सदन’.

पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आलं. 1893 मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत यावरून मोठा वाद पेटला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची शंका अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. सदनाने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं आश्वासन दिलं होतं. पण टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या वाड्याचा एक सोपा तरी केशवपन झालेल्या मुलींच्या शाळेसाठी मोकळा करून दिला, हा हिशेबही मांडायला हवा. तो फारसा शोभादायक नाही.

सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये तिच्याशी पुनर्विवाह केला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी याच आनंदीबाईंनी, म्हणजे बायाबाईंनी, वर्गणी गोळा केली, आणि ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र मागे ठेवलं. आश्रमाची संस्था 1896 ची. त्याच कामातून 1916 मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे मराठी मुलींच्या विद्यापीठाच्या वंशावळीत त्या वादग्रस्त शारदा सदनाचं नाव येतंच, कोणाला आवडो न आवडो.

रमाबाई नंतर केडगावला गेल्या. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलीबायकांना त्यांनी तिथे आसरा आणि काम दिलं. शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. एवढी मोठी संस्कृत पंडिता, पण भाषा ठेवली साध्या बाईला कळेल अशी. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

स्नातकहो, त्यांच्या साऱ्याच मतांशी सहमत व्हायची गरज नाही. मीही नाही. पण ज्यांनी पदवी दिली त्यांच्या मर्जीत राहण्यासाठी रमाबाईंनी ती वापरली नाही, आणि जे आपल्याला मिळालं ते पहिल्यांदा अशा मुलींपर्यंत नेलं, ज्यांची गणती कोणीच करत नव्हतं. पदवीचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे, आणि ते फार मोठं नाही. तुमच्या घरात, वाडीत, सोसायटीत शाळा अर्धवट सुटलेलं कोणीतरी नक्की आहे. लवकर लग्न झालेली बहीण असेल, ऊसतोडीला गेलेला वर्गमित्र असेल, तुमची फी भरता यावी म्हणून स्वतः कामाला लागलेला थोरला भाऊ असेल, कदाचित आज मागच्या रांगेत बसलेली आईच असेल. बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म अशांसाठीच असतो. शाळेत न जाता त्यावर दहावी-बारावीला बसता येतं. या वर्षी एका माणसाचा तो फॉर्म भरा, आणि परीक्षेपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळ त्याला किंवा तिला शिकवायला बसा.