शब्द काढून घेतल्यावर उरलेले गाणे

आज मी ज्या संगीताबद्दल बोलणार आहे, ते आपल्या रेडिओवर क्वचितच लागते. त्याचे नाव डब. जमैका बेटावरच्या रेगे संगीताची ही एक शाखा. बॉब मार्लीमुळे रेगे जगभर गेले. डब मात्र त्याच रेगेच्या गाण्यातून गायकाला बाजूला सारून तयार होतो. खाली उरतात ते ड्रम आणि बास गिटार. मधूनच गायकाचा एखादा शब्द येतो, घुमतो आणि विरून जातो.

मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला याचे काय वेड, असे मला विचारतात. आमच्या कोकणातली पुष्कळ मुसलमान कुटुंबे पोटापाण्यासाठी विलायतेला गेली. माझा एक मामेभाऊ बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात राहिला. तिथे जमैकाची आणि आपल्याकडची कुटुंबे एकाच गल्लीत नांदतात. शेजाऱ्यांचे संगीत भिंतीतून त्याच्या घरात आले आणि त्याच्या बॅगेतून माझ्याकडे. शब्द काढून घेतल्यावर गाणे उभे कसे राहते, हे कुतूहल मला सोडीना. तेव्हापासून मी डबची संकलने जमवतो आहे.

डबच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात रस्त्यावर, मोकळ्या अंगणात मोठाले कर्णे लावून नाचाचे कार्यक्रम होत. त्या ताफ्याला ‘साउंड सिस्टीम’ म्हणत. रडी रेडवूड हा स्पॅनिश टाउनचा असाच एक साउंड सिस्टीमवाला. ‘पॅरागॉन्स’ या गायकवृंदाच्या एका लोकप्रिय गाण्याची तबकडी त्याच्यासाठी कापताना ध्वनिमुद्रकाकडून गायकांचा आवाज घालायचाच राहिला. रेडवूडने ती तशीच लावली आणि जमलेले लोक स्वतःच गाऊ लागले. गाणे त्यांना पाठ होते, आता त्यांना जागाही मिळाली. पुढे तबकडीच्या एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला त्याची बिनशब्दांची ‘व्हर्जन’, अशी रीतच पडली.

या रीतीची कला केली ती ऑसबोर्न रडक याने. जग त्याला किंग टबी म्हणून ओळखते. १९४१ साली जन्मलेला हा माणूस वादक नव्हता. विजेची उपकरणे दुरुस्त करणे, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे हा त्याचा धंदा. किंग्स्टनच्या वॉटरहाऊस वस्तीत, राहत्या घरातच त्याने छोटा स्टुडिओ थाटला. एका मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेले चार ट्रॅकचे मिक्सिंग यंत्र त्याने घेतले. त्यावर एक एक वाद्य तो वर आणी, खाली नेई, अचानक तोडी, प्रतिध्वनीत सोडून देई. हे सारे हाताने आणि एका दमात. त्यामुळे एकाच गाण्याचा आज केलेला डब आणि उद्या केलेला डब सारखा नसे. १९८९ च्या फेब्रुवारीत घराबाहेर गोळ्या घालून त्याचा खून झाला.

आता दुर्मीळपणाकडे येऊ. साउंड सिस्टीमवाल्याला दुसऱ्याकडे नसलेली चीज हवी असे. त्याच्यासाठी ‘डबप्लेट’ कापत. ही ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा थर दिलेली तबकडी असते. प्रत्येक वेळी वाजवली की ती झिजते. म्हणजे जी सर्वांत लोकप्रिय, तीच आधी संपणार! डबच्या मोठ्या तबकड्याही सुरुवातीला मोजक्याच निघाल्या. ली पेरीची ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ १९७३ ची. पहिल्या खेपेला तिच्या अवघ्या तीनशेच्या आसपास प्रती निघाल्या, असे म्हणतात. हर्मन चिन-लॉय याची ‘अक्वेरियस डब’ही त्याच वर्षीची. डबची पहिली मोठी तबकडी कोणती, यावर संग्राहक आजही हमरीतुमरीवर येतात.

त्यात कितीक तबकड्यांच्या लेबलवर काही छापलेलेच नसे. पांढरा कागद, फार तर एक रबरी शिक्का. मग संग्राहक तबकडी उजेडात तिरपी धरतो आणि आतल्या गुळगुळीत कड्यावर खरवडलेले आकडे-अक्षरे वाचतो. निर्माता कोण आणि साधारण कधीची, याचा माग बऱ्याचदा तेवढ्यावरूनच काढावा लागतो.

इथे संकलनांचे महत्त्व कळते. आमच्यासारख्याला किंग्स्टनची मूळ तबकडी परवडत नाही आणि मिळतही नाही. संकलनात विखुरलेले पंधरा-वीस डब एका जागी येतात. पण संकलनासंकलनांत फरक असतो. काही दुकानदारी थाटाची. जुन्या चकतीवरून उतरवलेले, वर ‘किंग टबी’ हे खपणारे नाव आणि आत बाकी काही नाही. खरे तर टबीच्या यंत्रावर प्रिन्स जॅमी बसे, पुढे कोवळ्या वयाचा सायंटिस्टही बसू लागला. त्यांचे कितीतरी काम गुरूच्या नावावर विकले गेले.

याउलट १९९३ साली मँचेस्टरमध्ये ‘ब्लड अँड फायर’ ही छोटी कंपनी निघाली. रेगेचे अभ्यासक स्टीव्ह बॅरो तिच्या संस्थापकांपैकी एक. ‘सिंपली रेड’चा गायक मिक हकनल यानेही तिला पाठबळ दिले. या मंडळींनी जुन्या निर्मात्यांना गाठले, रीतसर करार केले आणि मूळ टेप मिळवल्या. प्रत्येक संकलनासोबत एक पुस्तिका दिली. टबी आणि त्याच्या सोबत्यांच्या १९७५ ते १९७९ मधल्या डबचे ‘डब गॉन क्रेझी’ हे संकलन १९९४ चे. माझ्या कपाटातली ही चकती ऐकण्याइतकीच वाचण्यासाठीही बाहेर निघते.

पुस्तिकेचे एवढे कौतुक का? डबमध्ये गायकाचा आवाज काढून टाकला, ही झाली कला. पण वादकाचे नावही काढून टाकले गेले, ती कला नव्हती. जमैकात १९९३ चा कायदा येईपर्यंत स्वामित्वहक्काचा कारभार ब्रिटिश आमदानीतल्या १९११ च्या कायद्यावर चालत होता. वादकाला एका गाण्याचे ठरलेले पैसे हातावर मिळत आणि तो घरी जाई. त्याच वादनावर पुढे दहा गायक गात, वीस डब निघत. आज त्यातल्या एखाद्या तबकडीसाठी लंडन-टोकियोचे शौकीन मोठी किंमत मोजतात. त्यातला पैसाही बास वाजवणाऱ्याच्या घरी जात नाही. जुनी वस्तू विकली की पैसे विकणाऱ्याला, हा बाजाराचा साधा नियम.

म्हणून दुर्मीळ या शब्दाचा मला हल्ली थोडा धाक वाटतो. आपल्याकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, एवढ्यावरच खूश राहिलो तर आपण त्या पांढऱ्या लेबलच्याच बाजूचे झालो. ड्रमवर कोण, बासवर कोण, यंत्रावर कोणाचा हात, हे ज्या संकलनात सांगितले आहे आणि ज्याचा मोबदला हक्कदारांपर्यंत जातो, ते माझ्या लेखी मोलाचे; मग त्याच्या लाख प्रती का असेनात.

‘ब्लड अँड फायर’चे कामही २००० च्या दशकाच्या अखेरीस थंडावले. विस्मरणातून ज्यांनी इतरांना वाचवले, त्यांची संकलनेच आता शोधावी लागतात. २०१८ साली युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मान मिळाला, आनंद आहे. नावे लिहिण्याचे काम मात्र अजून पुष्कळ बाकी आहे. बनी ली २०२० मध्ये गेले, ली पेरी आणि बासवादक रॉबी शेक्सपियर २०२१ मध्ये. त्या खोल्यांत बसलेली माणसे एक एक करून कमी होत आहेत.

ऐकावेसे वाटले, तर एक सुचवतो. आधी मूळ गाणे दोन-तीनदा ऐका, ओळखीचे होऊ द्या. मग त्याचाच डब लावा. गायक जिथे गप्प होतो तिथे आपल्याच मनात ओळ पुरी होईल. आणि सोबत पुस्तिका असेल, तर तो बास कोण वाजवतो आहे, तेवढे नाव जरूर वाचा.