यंत्रांची जावक-आवक वही

दोन पेढ्यांमध्यें पत्रव्यवहार चालू असावा, एकीनें "पत्र पाठविलें" असें म्हणावें व दुसरीनें "पोचलें नाहीं" असें सांगावें, म्हणजे जो वाद माजतो तो वाक्चातुर्यानें मिटत नाहीं. पाठविणाराची जावक वही आणि घेणाराची आवक वही शेजारीं शेजारीं ठेवावी लागते. संगणकांच्या जगांत हीच गोष्ट नित्य घडते. मोठमोठ्या बँका, विमा कंपन्या व सरकारी खातीं यांचे हिशेब ज्या मेनफ्रेम नांवाच्या बलाढ्य संगणकावर चालतात, त्याचें दूरच्या दुसऱ्या संगणकाशीं चाललेलें बोलणें मध्येंच खुंटतें. मेनफ्रेम सांभाळणारे म्हणतात, दोष जाळ्याचा. जाळें सांभाळणारे म्हणतात, दोष मेनफ्रेमचा. इकडे पगाराची यादी अडकून पडते, आणि ज्याचा कांहींच अपराध नाहीं अशा रात्रपाळीच्या माणसाला बोल लागतो. हा तंटा तोडणारी जी जावक-आवक वही, तिला या धंद्यांत 'ट्रेस' म्हणतात. श्रोत्यांपुढें आज तिचेंच थोडें विवेचन करावयाचें आहे.

मेनफ्रेमचें कूळ जुनें आहे. आयबीएम कंपनीनें सिस्टिम/३६० ही संगणकमाला १९६४ सालीं जाहीर केली आणि १९७४ सालीं 'एसएनए' नांवाची दळणवळणाची आपली स्वतंत्र पद्धति आणली. पुढें 'टीसीपी/आयपी' ही सर्व जगाची सामाईक पद्धति झाली व मेनफ्रेमनेंहि ती स्वीकारली. या पद्धतींत लांब मजकूर एकदम जात नाहीं. त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकेका लखोट्यांत घालतात. त्या लखोट्याला 'पॅकेट' म्हणतात. त्यावर दोन्ही पक्षांचे पत्ते असतात, आणि आंतील तुकडा एकंदर मजकुराच्या कितव्या बाइटापासून सुरू होतो हें सांगणारा अनुक्रमांक असतो. घेणारा 'अमक्या अंकापर्यंत पोचलें' अशी पोच परत पाठवितो. ती वेळेवर आली नाहीं, तर पाठविणारा तोच मजकूर पुन्हां धाडतो.

ट्रेस म्हणजे अशा प्रत्येक लखोट्याची वेळेसह ठेवलेली नक्कल. मेनफ्रेमवरील झेड/ओएस या कार्यप्रणालींत त्यासाठीं स्वतंत्र सोय आहे. एसएनए पद्धतीच्या बोलण्याची नोंद 'जीटीएफ' या साधनानें घेतां येते. टीसीपी/आयपीच्या लखोट्यांची नोंद 'सिसटीसीपीडीए' या नांवाखालीं होते, आणि जमलेली नोंद 'आयपीसीएस' हें साधन वाचनीय करून मांडतें. दुसऱ्या टोकाला 'टीसीपीडंप' किंवा 'वायरशार्क' यांसारखीं साधनें हेंच काम करतात.

नोंद घेण्याचेंहि एक शास्त्र आहे. मेनफ्रेममधून क्षणोक्षणीं असंख्य लखोटे जातात. सर्वच टिपूं गेल्यास मुख्य कामावर ओझें पडतें, व वही भरून जुनीं पानें पुसलीं जातात. म्हणून ज्या पत्त्याशीं तंटा आहे तेवढाच पत्ता निवडावा. नोंद दोष घडण्यापूर्वीं सुरू करावी. कारण संभाषणाच्या आरंभीं दोन्ही पक्ष जे करार करतात, ते पुढें पुन्हां उच्चारले जात नाहींत. दोष घडतांच ती थांबवावी, नाहीं तर नव्या नोंदी जुन्या पुराव्यावर चढतात. मुख्य म्हणजे नोंद दोन्ही टोकांस एकाच वेळीं घ्यावी आणि घड्याळें जुळतात कीं नाहीं तें पाहावें. एक वही ग्रिनिचच्या वेळेनें व दुसरी भारतीय वेळेनें लिहिलेली असली, तर साडेपांच तासांच्या अंतरामुळें एकच घटना दोन निरनिराळ्या घटनांसारखी भासते.

एक उदाहरण घेऊं. मेनफ्रेमवरून दूरच्या शाखेला मोठी फाइल पाठवावयाची आहे. संबंध जुळतो, परवलीचा शब्द पटतो, लहानसहान निरोप बिनचूक जातात. फाइल मात्र पहिल्याच पावलाला अडते. नुसत्या तर्कानें पाहिलें तर 'ज्या अर्थीं निरोप जातात, त्या अर्थीं जाळें ठीक आहे. फाइल पाठविणारा प्रोग्रॅमच बिघडला' असें कोणीहि म्हणेल. आतां दोन्ही वह्या उघडाव्या. मेनफ्रेमच्या वहींत १४६० बाइटांचा मजकूर असलेला लखोटा निघाला आहे, पोच नाहीं. तोच अनुक्रमांक पुन्हां, आणखी कांहीं वेळानें पुन्हां, आणि दर खेपेस थांबण्याचा काळ सुमारें दुप्पट. शाखेच्या वहींत तो लखोटा एकदांहि उतरलेला नाहीं. लहान लखोटे मात्र सारे आहेत. म्हणजे पाठविणारा खरा, घेणाराहि खरा. लखोटा वाटेंतच गडप होतो, आणि तोहि मोठा असेल तेवढाच.

कारण असें कीं, ४० बाइटांचीं शीर्षकें धरून हा लखोटा १५०० बाइटांचा होतो, आणि वाटेंतील एका सांकेतिक मार्गांतून १४०० बाइटांहून मोठा लखोटा मावत नाहीं. लखोट्यावर 'फोडूं नये' अशी खूण आहे. अशा वेळीं वाटेवरील यंत्रानें तो टाकून द्यावा व 'लहान करून पाठवा' असा निरोप उलट धाडावा. त्या निरोपांत मार्गाची मर्यादाहि कळवावी, असा नियम १९९० सालीं प्रसिद्ध झाला. परंतु पहाऱ्यावरील 'फायरवॉल' त्या निरोपालाच संशयित समजून अडविते, आणि मेनफ्रेम बिचारा तोच लखोटा धाडीत राहतो. उपाय सोपा आहे: तो निरोप येऊं द्यावा, किंवा मजकुराची मर्यादा १३६० बाइटांवर आणावी. प्रोग्रॅमला हातहि लावावा लागत नाहीं.

निराळ्या दुखण्याची खूण निराळी दिसते. घेणारा आपल्यापाशीं जागा किती शिल्लक आहे तें पोचेबरोबर कळवितो. तो आकडा शून्यावर येऊन तेथेंच राहिला, तर जाळें निर्दोष व घेणारा प्रोग्रॅम सुस्त समजावा. 'संबंध तोडला' असा लखोटा एका वहींत आलेला असून दुसऱ्या वहींत गेलेला नसेल, तर तो मधल्याच कोणीतरी दुसऱ्याच्या नांवानें लिहिला, हें उघड होय. वाचणारानें लिपीचेंहि भान ठेवावें. मेनफ्रेमच्या 'एब्सिडिक' संकेतांत रोमन लिपींतील मोठें 'ए' हें अक्षर 'सी१' असें लिहितात. इतरत्र चालणाऱ्या 'आस्की' संकेतांत तेंच '४१' होतें. चुकीच्या तक्त्यानें वाचल्यास शुद्ध मजकूरहि भ्रष्ट दिसतो, व नसलेला बिघाड सांपडतो.

अशा बारीक निरीक्षणाची योग्यता केवढी, याला मेनफ्रेमच्या बाहेरचा एक दाखला आहे. १९८६ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कलेचें विद्यापीठ या अवघ्या ४०० यार्डांवरील दोन ठिकाणांमधील दळणवळणाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन व त्यांचे सहकारी यांनीं तो प्रकार तपासला. दोष तुटलेल्या तारेचा नव्हता. गर्दी झाली असतां संगणक धीर न धरतां पुन्हां पुन्हां लखोटे लोटीत होते, आणि त्यामुळें गर्दी अधिकच वाढत होती. गर्दी पाहून वेग आवरण्याची रीत जेकबसन यांच्या १९८८ सालच्या निबंधांत आली. टीसीपीडंप हें साधनहि त्याच सुमारास त्याच प्रयोगशाळेंत जन्मलें.

मात्र या वहीचा उपयोग जेवढा मोठा, तेवढीच तिची जोखीमहि आहे. तींत पत्त्यांबरोबर आंतील मजकूरहि उतरतो. तो सांकेतिक भाषेंत झांकलेला नसेल, तर ग्राहकाचें नांव, खात्यांतील शिल्लक व परवलीचा शब्द हीं सर्व उघडीं पडतात. म्हणून अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, शक्य तेथें शीर्षकांपुरतीच नक्कल ठेवावी, आणि काम होतांच ती नष्ट करावी.

वही कोणाचीच बाजू घेत नाहीं. काय गेलें व काय आलें एवढेंच ती सांगते. कोणावरहि ठपका ठेवण्यापूर्वीं दोन्ही टोकांच्या वह्या मागवाव्या, एवढा शिरस्ता कचेरीकचेरींतून पडला, तर यंत्रें दुरुस्त होतीलच, आणि निरपराध माणसाचा लौकिकहि सुरक्षित राहील.