वृंदातल्या बायकांचे शब्द



संगीत आणि साहित्य या दोन्हींवर जीव असणाऱ्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. प्रास्ताविक लांबवत नाही. ग्रीक पुराणकथांमधल्या बायकांना वृंदगानानं पुन्हा कसं उभं केलं, हा विषय आज मी बोलायला घेतला आहे. अशी प्रत्येक रचना ऐकताना मला एकच प्रश्न पडतो: या बायकांच्या तोंडी शब्द आहेत का, आणि ते गातंय कोण?

इसवीसनपूर्व 431 मध्ये अथेन्समध्ये युरिपिडीस या नाटककाराची ‘मेडिया’ ही शोकांतिका रंगभूमीवर आली. नवऱ्यानं टाकलेल्या मेडियाच्या दाराशी कोरिंथच्या बायकांचा वृंद उभा असतो. त्या एके ठिकाणी म्हणतात की गाण्याची विद्या देवानं आम्हाला दिली असती, तर पुरुषांच्या गाण्यांना आम्हीही गाण्यानंच उत्तर दिलं असतं. केवढं धाडसाचं बोलणं! पण ते बोलणारे सगळे मुखवटे चढवलेले पुरुष होते. बायकांच्या भूमिका पुरुषांनीच करायच्या, अशी ती रंगभूमी. ग्रीसमध्ये मुली गातच नव्हत्या असंही नाही. अल्कमन या कवीनं इसवीसनपूर्व सातव्या शतकात स्पार्टातल्या मुलींच्या वृंदासाठी रचलेलं एक गाणं 1855 मध्ये इजिप्तमधल्या सक्कारा इथे पपायरसवर सापडलं. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मुली आपल्याच मैत्रिणींची नावं घेऊन, त्यांच्या रूपाचं कौतुक करत गातात. उत्सवातल्या गाण्याला मुली चालत होत्या. शोकांतिकेत त्यांना जागा नव्हती.

त्या शोकांतिकांचं संगीत जवळजवळ सगळं गेलं. व्हिएन्नात पपायरसचा एक फाटका तुकडा आहे, त्यावर युरिपिडीसच्याच ‘ओरेस्टीस’मधल्या काही ओळी आहेत. शब्दांच्या डोक्यावर स्वर दाखवणारी अक्षरं आहेत, मध्येच वाद्याच्या खुणा. गाणाऱ्या आहेत आर्गोसच्या बायका; आईचा खून करून भ्रमिष्ट झालेल्या ओरेस्टीससाठी त्या करुणा भाकताहेत. ऑक्सफर्डचे अभ्यासक अर्मांड डँगूर यांनी 2017 मध्ये तो तुकडा दोन नळ्यांच्या औलोस या वाद्याच्या साथीनं वृंदाकडून गाऊन घेतला. शोकांतिकेच्या संगीताचा एवढा मोठा ठेवा बुडाला आणि त्यातून जे काही तरलं, त्यात बायकांच्या तोंडचं गाणं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता 1608 मध्ये, इटलीतल्या मान्टुआच्या दरबारात चला. संगीतकार क्लाउडिओ मोन्टेवेर्डी यांचा ‘अरिआना’ हा अरिआद्नीच्या कथेवरचा ऑपेरा तिथे व्हायचा होता. अरिआद्नीनं आपल्या प्रियकराला, थीसियसला, चक्रव्यूहातून बाहेर यायला सुताचा गुंडा दिला, त्याच्यासाठी बापाचं घर सोडलं, आणि तो तिला नाक्सोस बेटावर झोपेत टाकून निघून गेला. नायिकेचं काम करणारी कातेरिना मार्तिनेल्ली ही कोवळी गायिका तालमींच्या काळातच देवीच्या रोगानं गेली आणि ऐन वेळी विर्जिनिया आंद्रेइनी ही नटी उभी राहिली. ऑपेराचं बाकी संगीत हरवलं. उरला तो अरिआद्नीचा विलाप.

मोन्टेवेर्डींना तो विलाप सोडवेना. 1614 मध्ये, आपल्या माद्रिगालांच्या, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या गीतांच्या, सहाव्या पुस्तकात, त्यांनी तोच पाच आवाजांसाठी पुन्हा बांधला. सुरुवातीलाच सूर अर्ध्या स्वरानं वर सरकतो आणि तिथे टिकू न शकल्यासारखा खाली उतरतो. एकट्या गळ्यात हा हुंदका वाटतो. पाच आवाजांत मात्र वरचा आवाज खाली येतो न येतो, तोच दुसरा त्याच्याशी खटका घेत पुढे येतो. बोचरे स्वर एकमेकांवर रेलतात आणि सावकाश मोकळे होतात. थीसियसवर ती संतापते, लगेच स्वतःच्याच शिव्याशापांना घाबरून माघार घेते. हे सगळं पाच जणांच्या तोंडून ऐकताना ती दरबारातली नायिका राहत नाही. टाकलेल्या कितीतरी बायका तिच्यासोबत बोलू लागतात. वृंदगान हे करू शकतं. एकल गायनाला ते जमणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

गाण्यानं खलाशांना भुलवणाऱ्या सायरनांची गोष्ट वेगळी. होमरच्या महाकाव्यात त्या नुसत्या गोड गात नाहीत. ट्रॉयमध्ये काय काय घडलं आणि पृथ्वीवर काय काय घडतं ते सारं आम्हाला ठाऊक आहे, असं त्या ओडिसियसला सांगतात. त्यांचं आमिष ज्ञानाचं आहे. फ्रेंच संगीतकार देब्यूसी यांच्या 1899 मध्ये पूर्ण झालेल्या ‘सायरन’मध्ये बायकांचा वृंद आहे, पण त्याला एकही शब्द नाही. समुद्रासारखं हेलकावणारं ते संगीत अतिशय सुंदर आहे. तरी जाणत्या बायकांचा त्यात नुसता नाद उरला, ही खंत मला वाटतेच. 1911 मध्ये लिली बूलांजे या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं याच सायरन बायकांच्या वृंदासाठी घेतल्या. शब्द एका पुरुष कवीचे, पण सायरन त्यात ‘आम्ही’ म्हणून बोलतात. पुढे दोनच वर्षांनी ‘प्री द रोम’ हा फ्रान्समधला मानाचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री संगीतकार ठरली आणि चोविसाव्या वर्षी वारली.

इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांचं नाव तर आपल्या घरातलंच मानायला हवं. लंडनमध्ये मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारा हा माणूस संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांना त्यानं वृंदगानात बांधलं, त्यातला एक संच फक्त बायकांचे आवाज आणि हार्प यांच्यासाठी. 1908 मध्ये त्यानं ‘सावित्री’ हा छोटा ऑपेरा लिहिला आणि 1920 मध्ये युरिपिडीसच्या ‘अल्केस्टिस’मधल्या सात वृंदगीतांना चाली दिल्या: सगळे आवाज एका सुरात, सोबत हार्प आणि तीन बासऱ्या. आपल्या कानाला हे एका सुरातलं गाणं लगेच जवळचं वाटतं.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत दाराशी मृत्यू आलेला आहे. अल्केस्टिस नवऱ्याच्या जागी स्वतः मरते. हेराक्लीस हा वीर मृत्यूशी झुंजून तिला परत आणतो. सावित्री यमाशी बोलते, बोलण्यातच त्याला बांधते आणि नवरा मिळवते. वटपौर्णिमेला आपण तिच्या पातिव्रत्याचं पूजन करतो. तिच्या युक्तिवादाची आठवण मात्र कमीच निघते. होल्स्ट यांनी तिच्या बोलण्याला मोल दिलं. तिच्या मागे पडद्याआड बायकांचा शब्दहीन वृंद आहे, आणि इथे तो मला खटकत नाही, कारण पुढे उभी असलेली बाई बोलते आहे.

युरिपिडीसचंच ‘ट्रॉयच्या बायका’ हे नाटक, ट्रॉय पडल्यावर गुलाम झालेल्या बायकांचं, इसवीसनपूर्व 415 मधलं. अथेन्सच्या सैन्यानं मेलोस बेट घेऊन तिथले पुरुष कापले आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकलं, त्याला फार दिवस झाले नव्हते. 2001 मध्ये एपिडाव्रोसच्या प्राचीन नाट्यगृहात झालेल्या प्रयोगासाठी एलेनी काराइंद्रू या ग्रीक संगीतकार बाईंनी त्याला संगीत दिलं. 2013 मध्ये जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये सीरियातून परागंदा झालेल्या बायकांनी हेच नाटक केलं आणि त्यात स्वतःच्या हकिगती गुंफल्या. 2016 मध्ये कोरियातल्या कलाकारांनी ते पानसोरी या आपल्या गायनपरंपरेत बसवलं. अम्मानच्या त्या बायकांजवळ तर शब्दही त्यांचेच होते आणि आवाजही त्यांचाच. अथेन्सपासून तिथवर यायला चोवीस शतकं गेली.

तरुण कवी आणि संगीतकारांकडे माझं एक मागणं आहे. युरिपिडीसच्या नाटकात अल्केस्टिस परत येते ती तोंडावर पदर घेऊन, आणि तीन दिवस तिला बोलायची मुभा नसते. नाटक तिथेच संपतं. मरून आलेली ही बाई चौथ्या दिवशी काय म्हणेल? मराठीत लिहा, बायकांच्या वृंदासाठी लिहा, आणि पुढच्या परिषदेत याच व्यासपीठावर ते आम्हाला ऐकवा.