"का" विचारू नका



मी ९ वर्षांची असताना नाशिकच्या आमच्या घरातच एका नातेवाइकाने माझ्यावर अत्याचार केला. हे वाक्य उच्चारायला मला ३१ वर्षं लागली. इथे एडिसनमध्ये, ताईच्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता बोलून गेले. ताई म्हणाली, "अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" तिला मला दुखवायचं नव्हतं. पण मी पुन्हा दोन वर्षं गप्प बसले.

मग एका रात्री हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची चूक नव्हती." तिथून समुपदेशन सुरू झालं. बंद दाराची भीती अजून वाटते, पण आता झोप लागते.

काही गोष्टी ठाऊक असाव्यात म्हणून सांगते. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. अमेरिकेत पोलिसांत तक्रार न करताही पुराव्यासाठीची वैद्यकीय तपासणी विनामूल्य होते. मात्र लवकर जावं. आंघोळ केली असली तरी जावं. बालपणी अत्याचार झालेल्यांना न्यू जर्सीत २०१९ च्या कायद्याने वयाच्या ५५ वर्षांपर्यंत दिवाणी दावा लावता येतो. माझ्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. पण आपली मुलं इथे वाढताहेत, मुली आणि मुलगेही.

उद्या कुणी तुमच्यापाशी बोललं, तर "का" विचारू नका. शेजारी बसा. तक्रार करायची की नाही, ते त्या व्यक्तीलाच ठरवू द्या.

ताईने नंतर माफी मागितली. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे.