न ऐकलेल्या स्वरांची किंमत

(मिरजोळे, जि. रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगीत महोत्सवाचे तिकीट हा आपल्या चर्चेचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. मी गाणारा नाही, वाजवणारा नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेला एक श्रोता आहे. परंतु भाकरीचे वाटप हा जसा आपला प्रश्न आहे, तसाच आनंदाचे वाटप हाही आपलाच प्रश्न आहे, असे मी मानतो.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. सर्वसाधारण विक्रीत सर्वांत स्वस्त तिकीट अडीच हजारांचे, तर सर्वांत महाग पस्तीस हजारांचे होते. येथल्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर राबणाऱ्या तरुणाला अडीच हजार म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च वेगळाच.

याला केवळ नफेखोरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण ते पुरेसे नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली याच्या मुळाशी असलेले कारण दाखवून दिले. यंत्रे सुधारली की कारखान्यात तेवढेच कामगार अधिक माल काढतात. चौघांनी वाजवावयाच्या रचनेला मात्र आजही चारच माणसे लागतात आणि वेळही पूर्वीइतकाच लागतो. इतरत्र वेतने वाढली की कलावंताचे मानधनही वाढवावे लागते. म्हणजे जिवंत संगीत तुलनेने महाग होत जाणारच. प्रश्न उरतो तो एवढाच की, हा भार कोणी उचलायचा?

तो सारा तिकिटावर टाकला की आयोजक खात्रीची नावेच निवडतो आणि पहिला बळी जातो तो प्रयोगशील बँडचा. ओळखीच्या गाण्याचे मोल श्रोत्याला आधीच ठाऊक असते. न ऐकलेल्या स्वरांचे मोल ते ऐकल्यानंतरच कळते. अनोळखी गोष्टीसाठी खिशात हात घालण्याची चैन गरिबाला परवडत नाही. पुढे आपण म्हणतो, सामान्य माणसाला नवे आवडत नाही. त्याला ते ऐकू तरी कोणी दिले?

दिले तेथे काय घडले, ते पाहा. सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ने दिल्लीत योजलेल्या कार्यक्रमात १ जानेवारी १९९७ रोजी ‘इंडियन ओशन’ हा बँड वाजवीत होता. त्याच वादनातून त्यांचा ‘डेझर्ट रेन’ हा ध्वनिसंग्रह तयार झाला. या बँडचे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. तेथे खुर्च्यांबरोबर भारतीय बैठकही राहिली आणि बुजुर्गांना ऐकायला आलेल्या रसिकांनी त्याच मंडपात नव्या गळ्यांचीही पारख केली. आपल्या कोकणातले नमन-खेळे आणि जाखडी तर वाडीच्या वर्गणीवर व मुंबईकर चाकरमान्यांच्या हातभारावर उभे राहिले. अंगणात तिकीट नव्हते, म्हणून कला हलकी ठरली नाही.

मात्र एक इशारा देणे आवश्यक आहे. श्रोत्याला स्वस्त म्हणजे कलावंताला फुकट, असा अर्थ आपण करता कामा नये. वादक हाही श्रमिकच आहे. ‘चळवळीचे काम आहे’ म्हणून त्याचे मानधन बुडवणे, हे शोषणच होय.

तेव्हा करावयाचे काय? ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर संगीताच्या कार्यक्रमाला वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यापुढे १८ टक्के लागतो. आपले तिकीट या रेषेच्या बरेच खाली असावे. शाळांची पटांगणे आणि सभागृहे ग्रामपंचायतींनी व नगरपरिषदांनी अशा कार्यक्रमांना विनाभाडे द्यावीत, कारण ती लोकांच्याच पैशातून उभी राहिली आहेत. प्रत्येक नामवंत कलावंताबरोबर एका अनोळखी गटाला वेळ द्यावा, तोही मंडप भरलेला असताना. आणि मानधनाचा आकडा प्रथम ठरवावा, मंडपाची सजावट नंतर.

वाचनालये उभारताना आपल्या आधीच्या पिढीने ‘गरीब माणूस काय वाचणार?’ असे विचारले नाही. तो काय ऐकणार, हे आपणही विचारू नये. दार उघडे ठेवावे. निवड त्याची त्याला करू द्यावी.